आबे फारिया नक्की कुठल्या देशाचे? एका चरित्रकोशातल्या 'देश' कॉलमचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका छोट्या मराठी ऑनलाइन चरित्रकोशाचं आहे. कोशाचं आणि माणसांचं नाव देत नाहीये, कारण सगळे आपापली नोकरी सांभाळून हे काम करणारे लोक आहेत आणि इथे मुद्दा माणसांचा नाहीच. मी त्यात नोंदी तपासायचं काम करते. कोश शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी आहे, त्यात शास्त्रज्ञ, गायक, समाजकारणी, खेळाडू असं सगळं येतं, नोंदी लहान असतात, मोबाईलवर वाचता येतील एवढ्या.

सुरुवातीला सगळा डेटा एका एक्सेल शीटमध्ये भरला जायचा. नाव, जन्मसाल, मृत्यू, जन्मगाव, क्षेत्र आणि 'देश'. देश हा कॉलम भरल्याशिवाय नोंद सेव्हच होत नसे, आणि त्यात एकच देश निवडता यायचा. या एका कॉलमवर तीन गोष्टी चालायच्या. नोंदीचं पहिलं वाक्य आपोआप तयार व्हायचं (अमुक हे या देशाचे तमुक होते), देशवार याद्या बनायच्या, आणि जगाच्या नकाशावर त्या देशात एक ठिपका वाढायचा. आइनस्टाइन किंवा बाबा आमटे यांच्यासारख्या नोंदी भरताना कुणाला काही खटकलं नाही, म्हणजे खरं तर आइनस्टाइनच्या वेळीच खटकायला हवं होतं, जर्मनीत जन्म, मग स्विस नागरिक, मग अमेरिकन, पण तिथे 'जर्मन' टाकून सगळे पुढे गेले कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाचं त्यात काही गुंतलेलं नव्हतं. गोव्यात जन्मलेले पाद्री आणि संमोहनतज्ज्ञ आबे फारिया यांच्या नोंदीत मात्र गोव्याचे वाचक गुंतलेले होते.

अडचण

फारियांचा जन्म १७५६ चा, बार्देशातल्या कांदोळीचा. बार्देश तेव्हा दोनशेहून जास्त वर्षं पोर्तुगिजांकडे होता. पंधरा वर्षांचे असताना वडिलांबरोबर लिस्बनला गेले, पुढे रोमला शिकले, १७८० मध्ये तिथेच पाद्री झाले, १७८८ मध्ये पॅरिसला गेले आणि उरलेलं बहुतेक आयुष्य फ्रान्समध्ये काढलं. १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनाची जाहीर प्रात्यक्षिकं आणि व्याख्यानं दिली. माणूस झोपल्यासारखा होतो तो कुठल्या अदृश्य चुंबकी द्रवामुळे नाही तर त्याच्या स्वतःच्या मनामुळे, त्याला दिलेल्या सूचनेमुळे होतो, हे त्यांचं म्हणणं. त्या काळात मेस्मर नावाच्या डॉक्टरचा हाच चुंबकी द्रवाचा सिद्धांत गाजत होता, तेव्हा असं म्हणणं ही मोठी गोष्ट होती. १८१९ मध्ये पॅरिसमध्येच वारले. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला त्यांचा पुतळा आहे, १९४५ सालचा, एका बाईवर हात रोखून उभे असलेले, गोव्याला गेलेल्या बहुतेकांनी तो बघितलेला असतो.

नोंद भरणाऱ्याने जन्मसाल बघितलं, तेव्हा गोवा कुणाचा होता ते बघितलं आणि देश टाकला पोर्तुगाल. पहिलं वाक्य तयार झालं की आबे फारिया हे पोर्तुगालचे संमोहनतज्ज्ञ होते. आठवडाभरात फोंड्याच्या एका शिक्षिकेचं मेल आलं, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो, त्या पुढे कोशाच्या कामातही आल्या. त्यांनी अगदी शांतपणे लिहिलं होतं की माझ्या वर्गातल्या मुलांना हे आपले आहेत असं मी सांगते आणि तुमचा कोश सांगतो ते परके आहेत, मग मी मुलांना काय सांगू. नोंद बदलून 'भारत' केली. मग कोशाच्या ग्रुपवरच्या एका निवृत्त इतिहासाच्या सरांनी हरकत घेतली की १८१९ मध्ये मेलेल्या माणसाला भारतीय नागरिक ठरवणं हा इतिहास नाही. तिसऱ्या कुणीतरी 'फ्रान्स' केलं कारण काम तिथे झालं. नोंद अशी तीन देशांत फिरत राहिली, प्रत्येक वेळी नकाशावरचा ठिपका एकीकडून दुसरीकडे जायचा, आणि प्रत्येक बदलामागे ज्याने त्याने दिलेलं कारण खरं होतं. कुणी खोटं बोलत नव्हतं, तरी नोंद कुठेच ठरत नव्हती. शेवटी सरांनीच सांगितलं की नोंद लॉक करा आणि आधी नियम ठरवा.

(एका गाजलेल्या फ्रेंच कादंबरीत फारिया नावाचं पाद्रीचं पात्र आहे आणि लेखकाने त्याला इटालियन करून टाकलंय. त्या पात्रावरून 'इटली' टाका असं सुचवणारं मेलही आलं होतं. म्हणून सांगते, प्रसिद्धी हा पुरावा नाही.)

पर्याय

पहिला पर्याय सरळ होता, जन्माच्या वेळी तिथे ज्याचं राज्य तो देश. हा नियम कुणाचं मत न विचारता लावता येतो आणि सॉफ्टवेअर बघणाऱ्या मुलाला तो फार आवडला होता, कारण गाव आणि साल दिलं की देश आपोआप भरता येतो. मग आम्ही तो दुसऱ्या नोंदींवर लावून बघितला. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातलं कोसबें, म्हणजे पोर्तुगाल. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी, १८७६, सांखवाळ, तेही पोर्तुगाल. मराठी चरित्रकोशात कोसंबी पोर्तुगीज गणितज्ञ म्हणून छापले गेले असते, ज्या माणसाने पुण्यात राहून भारताच्या इतिहासाचं लिखाण केलं तो. लता मंगेशकर १९२९ मध्ये इंदूरला जन्मल्या म्हणजे होळकर संस्थान, आता संस्थानाला देश म्हणायचं की नाही यावर अजून एक वाद. आणि मारी क्युरी वॉर्सात १८६७ ला जन्मल्या म्हणजे रशियन. ज्या बाईने १८९८ मध्ये सापडलेल्या मूलद्रव्याला पोलंडचं नाव दिलं, पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता तेव्हा, तिला रशियन लिहायचं? इथे फोंड्याच्या बाईंनी सांगितलं की मला हीच नोंद दाखवून सगळ्यांना समजवायला सोपं जाईल, आणि तसंच झालं.

दुसरा पर्याय आजच्या नकाशाचा. गाव आज ज्या देशात आहे तो देश. फारिया भारतीय होतात, कोसंबी भारतीय होतात, गोव्याचा प्रश्न सुटतो. पण हरगोविंद खुराना १९२२ मध्ये मुलतान जिल्ह्यातल्या रायपूरला जन्मले, ते पाकिस्तानी होतात. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर लाहोरला जन्मले १९१० मध्ये, तेही. उलट रोनाल्ड रॉस अल्मोड्याला जन्मले १८५७ मध्ये आणि किपलिंग मुंबईत १८६५ मध्ये, ते दोघं भारतीय. म्हणजे पहिलं भारतीय नोबेल १९०२ मध्ये रॉसना मिळालं, दुसरं १९०७ मध्ये किपलिंगना आणि १९१३ चे टागोर तिसऱ्या नंबरवर, अशी यादी आमच्या कोशातून मुलांच्या वहीत गेली असती आणि तिथून स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये. उल्हासनगरच्या एका वाचकाने नंतर हेच वेगळ्या बाजूने लिहिलं, त्यांच्या घरातली वडीलधारी माणसं सगळी सिंधमध्ये जन्मलेली, १९४७ नंतर कल्याणजवळच्या कॅम्पात आली, त्यांना पाकिस्तानी म्हणणारा कोश ते घरात उघडणार नाहीत. हा पर्याय दिसायला निरुपद्रवी वाटतो पण फाळणी झालेल्या देशात तो फार क्रूर आहे असं माझं मत आहे.

तिसरा पर्याय, जिथे काम केलं आणि नाव झालं तो देश. विकिपीडियाची इंग्रजी आवृत्ती साधारण याच्या जवळपास जाते, माणूस प्रसिद्ध झाला तेव्हा ज्या देशाचा नागरिक किंवा रहिवासी होता तो देश पहिल्या वाक्यात द्यायचा आणि जन्मदेश महत्त्वाचा असेल तरच तिथे आणायचा. विचार चांगला आहे. पण ज्यांचं काम दोन-तीन देशांत विभागलंय तिथे अडतं, टेस्ला घ्या, आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यानला १८५६ मध्ये सर्ब कुटुंबात जन्म, तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्य, १८९१ पासून अमेरिकन नागरिक. काम अमेरिकेतलं म्हणून अमेरिकन म्हटलं तर नियम पाळला जातो, पण सर्बिया आणि क्रोएशियाचे लोक ज्याच्यावरून भांडतात ती गोष्ट नोंदीत दिसतच नाही. आणि फारियांचा गोवा तर पूर्ण गायब होतो, बाईंच्या मुलांना पुन्हा परका माणूस.

चौथा पर्याय मला सगळ्यात न्याय्य वाटत होता आणि त्यावरच सगळ्यात जास्त वेळ गेला. माणूस स्वतःला काय म्हणायचा ते लिहा. फारियांबद्दल हे शोधता येतं. त्यांच्या १८१९ च्या संमोहनावरच्या पुस्तकाच्या शीर्षकपानावर स्वतःच्या नावापुढे त्यांनी लिहिलंय ब्राह्मण, मग धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचे डॉक्टर. पोर्तुगीज नाही, फ्रेंच नाही, हिंदुस्थानी नाही. कॅथलिक पाद्री, पॅरिसमध्ये, आणि ओळख सांगतोय जातीची.

हे वाचल्यावर ग्रुप काही वेळ गप्प झाला आणि मग जो वाद झाला तो आमच्यासाठी या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा. एक बाजू अशी की पुरावा आहे, स्वतःच्या हाताने लिहिलेला आहे, तो लपवायचा अधिकार आपल्याला नाही. दुसरी बाजू अशी की 'स्वतःची ओळख' असा कॉलम काढला आणि त्यात एकदा जात शिरली की उद्या प्रत्येक नोंदीत कुणीतरी येऊन जात भरणार, माणसाने कधी उच्चारली नसेल तरी, आणि मुलांच्या कोशात जातवार फिल्टर तयार होणार. महाराष्ट्रात हे होणार नाही असं कुणी म्हणू शकत नाही. मी दुसऱ्या बाजूला होते. पण सरांचा मुद्दाही पटत होता की हे वाक्य काढून टाकलं तर आपण फारियांना आपल्या सोयीचं बनवतोय, युरोपात ज्याच्याकडे वर्णावरून बघितलं जायचं असा एक गोंयकार स्वतःला काय म्हणून उभा करत होता हे त्या एका शब्दातून कळतं.

फारियांबद्दल गोव्यात एक आख्यायिकाही सांगतात, लिस्बनला राजघराण्यासमोर प्रवचन द्यायला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा वडिलांनी हळूच कोंकणीत सांगितलं की समोरची ही सगळी भाजी आहे, काप, आणि मग ते धडाधड बोलले. बाईंना ही गोष्ट ओळखीचा पुरावा म्हणून हवी होती. गोष्ट सुंदर आहे आणि मुलांना सांगावीच, पण आख्यायिकेवर कॉलम भरता येत नाही, हे त्यांनी स्वतःच मान्य केलं आणि ती नोंदीत आख्यायिका असं स्पष्ट लिहून आली.

पाचवा पर्याय म्हणजे देशच लिहायचा नाही. तो फार वेळ टिकला नाही, कारण मुलं शोधतातच मुळी 'भारतीय शास्त्रज्ञ' असं टाइप करून. प्रश्न वाचकाकडे आहे, तर उत्तर रिकामं ठेवून चालत नाही.

काय केलं

निर्णयाचा पाया असा ठरला की जन्मगाव ही घटना आहे आणि राष्ट्रीय ओळख हा दावा आहे, तर घटनेवरून दावा आपोआप काढायचा नाही. सॉफ्टवेअरमधला 'देश' कॉलम बंद केला. त्याऐवजी जन्मस्थळ, तेव्हाची सत्ता आणि आजचा देश असे तीन कॉलम केले, हे तिन्ही भरता येतात आणि त्यात मत येत नाही. नोबेलच्या अधिकृत साइटवर जन्मगाव असंच देतात, वॉर्सा, तेव्हा रशियन साम्राज्य, आता पोलंड, ती पद्धत आम्ही उचलली. नागरिकत्व वेगळं, आणि ते एकापेक्षा जास्त असू शकतं, प्रत्येकासमोर साल. खुराना १९६६ पासून अमेरिकन नागरिक, चंद्रशेखर १९५३ पासून, हे असं लिहिलं की १९६८ आणि १९८३ च्या त्यांच्या नोबेलच्या वेळी ते कुठले नागरिक होते हे वाचकाला आपोआप दिसतं. अठराव्या शतकातल्या माणसांसाठी नागरिकत्व रिकामं ठेवायची परवानगी दिली. विकिडेटावरही जन्मस्थळ, नागरिकत्व आणि वांशिक गट वेगवेगळ्या रकान्यांत असतात, तिथून आम्हाला धीर आला की हे डेटाबेसमध्ये जमतं.

ठिकाणांच्या नावांसाठी एक जुनं उदाहरण उपयोगी पडलं. ग्दान्स्क की डांझिग (पोलंडमधल्या एकाच शहराची पोलिश आणि जर्मन नावं) यावर इंग्रजी विकिपीडियावर इतके वाद झाले की २००५ मध्ये मतदान घेऊन काळानुसार नाव ठरवलं, अमुक सालापासून अमुक सालापर्यंत हे, बाकी काळात ते. आम्ही मतदान घेतलं नाही, पण काळानुसार हे तत्त्व घेतलं. भीमसेन जोशींचं रोण १९२२ मध्ये मुंबई इलाख्यात होतं, आज कर्नाटकात आहे, दोन्ही लिहायचं.

स्वतःच्या ओळखीबद्दल शेवटी मधला रस्ता निघाला. कॉलम नाही, फिल्टर नाही, यादी नाही. माणसाने स्वतः लिहिलेला किंवा जाहीरपणे सांगितलेला पुरावा असेल तर नोंदीच्या मजकुरात एक वाक्य, कुठे आणि कधी म्हटलं त्यासकट. दुसऱ्याने त्याच्याबद्दल म्हटलेलं चालणार नाही. त्यामुळे फारियांचं शीर्षकपान नोंदीत आलं आणि जातवार शोध मात्र करता येत नाही. दोन्ही बाजू पूर्ण खूश नव्हत्या, पण दोघांनीही सही केली.

याद्यांचं काय करायचं हा मुद्दा बाईंनी सोडवला. त्या म्हणाल्या, मुलाला 'भारताशी नातं काय' एवढं सांगा ना. मग 'भारतीय' अशी एकच यादी न ठेवता भारतात जन्म, भारतात शिक्षण, भारतात काम, भारताचं नागरिकत्व अशा चार याद्या केल्या आणि एक माणूस कितीही याद्यांत येऊ शकतो असं ठेवलं. रॉस भारतात जन्म आणि भारतात काम यात येतात, मलेरियाचा डास त्यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला पकडला, ते सांगायलाच हवं, पण नागरिकत्वात ते नाहीत. खुरानांचा जन्म आणि शिक्षण आजच्या पाकिस्तानात, तेव्हाच्या ब्रिटिश भारतात, ते दोन्ही ठिकाणी तसंच दिसतं.

पहिलं वाक्य आपोआप तयार करणं बंद केलं. हे काम वाढवणारं होतं, प्रत्येक नोंद हाताने लिहायची म्हणजे किती वेळ जातो ते कुठल्याही संपादकाला विचारा, पण ज्या वाक्यावरून सगळं पेटलं ते मशीनने बनवलेलं होतं. फारियांची नोंद आता अशी सुरू होते: जन्म १७५६, कांदोळी, बार्देश (तेव्हा पोर्तुगीज सत्तेखालचा गोवा), मृत्यू १८१९, पॅरिस, गोव्यात जन्मलेले कॅथलिक धर्मगुरू आणि संमोहनाचे सुरुवातीचे अभ्यासक, मुख्य काम फ्रान्समध्ये. यात 'भारतीय' शब्द नाही आणि 'पोर्तुगीज' हा सत्तेपुढे आहे, माणसापुढे नाही.

निकाल

फारियांच्या नोंदीवर नंतर वाद झालेला नाही. बाईंनी ती वर्गात वापरली. सरांनी कोसंबी पितापुत्रांच्या नोंदी स्वतः नव्याने लिहून दिल्या. नकाशावर आता देश रंगत नाहीत, गावावर ठिपका येतो, त्यामुळे कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर केवढी गर्दी आहे ते पहिल्यांदा दिसलं, आधी ती सगळी एका मोठ्या 'भारत' ठिपक्यात आणि थोडी लिस्बनवर गेलेली होती.

सगळं सुटलं असं नाही. चार याद्या लहान मुलांना जड जातात, काही शाळांनी सांगितलं की एकच यादी परत द्या. ती द्यायची नाही यावर आम्ही ठाम आहोत, पण शोधात 'भारतीय' टाइप केलं की चारही याद्या एकत्र आणि प्रत्येक नावापुढे नातं, असा पर्याय आता दिलाय. काम दीडपट वाढलंय हेही खरं.

गोव्याच्या हयात माणसांचा प्रश्न तर कायद्याचाच आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६२ च्या आदेशाने तिथले लोक भारताचे नागरिक झाले, पण पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते १९७४ च्या शेवटी, आणि मुक्तीआधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना आजही तिकडे जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही. म्हणजे कुणाच्या नावापुढे आपण सहज 'पोर्तुगीज' लिहिलं तर ते त्याला घरी, ऑफिसात, निवडणुकीत त्रासाचं होऊ शकतं. म्हणून हयात व्यक्तीचं नागरिकत्व तिने स्वतः जाहीर केलं नसेल तर लिहायचं नाही असा नियम आहे, आणि या नियमात मी तडजोड करणार नाही.

परत करायचं झालं तर

नोंदी भरायला सुरुवात करण्याआधी कठीण माणसं घ्यायला हवीत. साधी नोंद कुठल्याही कॉलममध्ये बसते, फॉर्मची परीक्षा खुराना, रॉस, क्युरी, कोसंबी यांच्यावर होते, आणि ती एका दुपारचं काम आहे. आमच्याकडे ती परीक्षा वाद झाल्यावर झाली.

दुसरं, गोव्याचा माणूस पहिल्या दिवसापासून टीममध्ये असायला हवा. पुण्या-मुंबईत बसून गोव्याबद्दल लिहिताना आपल्याला वाटतं भाषा कळते म्हणजे सगळं कळतं. बार्देश जुन्या काबिजादीत (पोर्तुगिजांनी आधी घेतलेला भाग) आणि पेडणे, सत्तरी नव्या काबिजादीत (बऱ्याच नंतर घेतलेला), त्यामुळे 'तेव्हाची सत्ता' हा कॉलम गोव्यातल्या गोव्यातही साल बघून भरावा लागतो, हे आम्हाला बाईंनी सांगितलं, कुठल्या पुस्तकाने नाही.

तिसरं, एकच उत्तर मागणारा सक्तीचा कॉलम कुणी ठेवला याची चर्चा आमच्याकडे झालीच नाही, ती सोय म्हणून आली आणि राहिली. एखादा रकाना सक्तीचा करणं हा संपादकीय निर्णय आहे, तो सॉफ्टवेअरवाल्या मुलावर सोडू नये, त्याच्यावर अन्याय आहे तो.

सध्या टेबलावर पियो गामा पिंटो यांची नोंद आहे. १९२७ मध्ये नैरोबीत जन्म, आईवडील गोव्याचे, शिक्षण भारतात, मुंबईत असताना गोवा मुक्तीच्या कामात, मग परत केनियात जाऊन तिथल्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास, खासदार, आणि १९६५ मध्ये नैरोबीतच हत्या. जुन्या फॉर्ममध्ये जन्मसाल आणि गाव टाकलं असतं तर ते ब्रिटिश म्हणून छापले गेले असते, ज्यांनी ब्रिटिशांच्या कैदेत वर्षं काढली ते. नव्या कॉलममध्ये सगळं नीट बसतंय, पहिल्या वाक्यावर मात्र बाई आणि सर यांचं अजून एकमत नाही, बाईंना 'गोमंतकीय वंशाचे केनियन' हवंय, सरांचं म्हणणं की केनियासाठी जीव दिलेल्या माणसाच्या नावापुढे आधी नुसतं केनियन लिहा आणि गोवा पुढच्या वाक्यात येऊ दे. मी सरांच्या बाजूने मत दिलंय.